अकुन्याने सही केली, सोतोने नाही: तरुण बेसबॉलपटूचा दीर्घ करार ठरतो कसा

प्रश्न असा आहे. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, अटलांटा ब्रेव्हजबरोबर ८ वर्षांच्या १० कोटी डॉलरच्या करारावर सही केली. हुआन सोतोने २०२२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने देऊ केलेले १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर नाकारले आणि अडीच वर्षांच्या आत न्यूयॉर्क मेट्सकडून ७६.५ कोटी घेतले. मग अकुन्याला त्याच्या माणसांनी बुडवलं का? आणि अशा वाटाघाटीत दोन्ही बाजू नेमकं कशावर भांडतात?

मी खेळाडूंच्या बाजूने हे काम करतो. सुरुवात आर्बिट्रेशनच्या, म्हणजे पगाराच्या लवादाच्या, फायली बांधण्यापासून झाली, पुढे एक्स्टेन्शनची, म्हणजे खेळाडू मोकळा होण्याआधीच केलेल्या दीर्घ करारांची, गणितं माझ्याकडे आली. माझं उत्तर आधीच सांगतो: अकुन्या बुडाला नाही. पण त्याने जी वर्षं विकली त्यातलं शेवटचं विकायलाच नको होतं, आणि त्याच्या आधीचं इतक्या स्वस्तात नाही. वर्तमानपत्रात छापून येतो तो एकूण आकडा. करार चांगला की वाईट हे मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरतं: खेळाडूने बाजारात मोकळं होण्याची किती वर्षं विकली, आणि पुन्हा मोकळा होईल तेव्हा त्याचं वय काय असेल.

हे समजायला मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची, पगाराची शिडी माहीत हवी. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. मुख्य संघात आलेला नवा खेळाडू पहिली तीन वर्षं जवळजवळ किमान पगारावर खेळतो. २०१९ मध्ये तो ५,५५,००० डॉलर होता, २०२६ साठी ७,८०,००० आहे. तो सामन्याला एकटा गर्दी खेचत असला तरी क्लबला त्याहून जास्त देण्याची सक्ती नसते. चौथ्या वर्षापासून आर्बिट्रेशन सुरू होतं: क्लब एक आकडा मांडतो, खेळाडू दुसरा मांडतो, आणि समेट झाला नाही तर तीन लवाद त्या दोनपैकी एकच आकडा उचलतात. मधला आकडा काढायची त्यांना मुभा नाही. सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू फ्री एजंट होतो आणि तेव्हा कुठे तीस क्लबांना त्याच्यावर बोली लावता येते.

सेवेचं एक वर्ष म्हणजे मुख्य संघात काढलेले १७२ दिवस. सीझन साधारण १८७ दिवसांचा असतो, त्यामुळे एखाद्या पोराला एप्रिलमध्ये दोनतीन आठवडे खालच्या लीगमध्ये ठेवलं की त्याचं वर्ष भरत नाही आणि क्लबच्या पदरात एक अख्खं सीझन जास्तीचं पडतं. शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट २०१५ मध्ये १७१ दिवसांवर थांबला, फक्त एका दिवसाने कमी. त्याने तक्रार दाखल केली आणि २०२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. अकुन्यालाही २०१८ मध्ये एप्रिलच्या २५ तारखेला वर आणलं, म्हणजे त्याचंही पहिलं वर्ष भरलं नाही. करार केला नसता तर तो २०२४ च्या सीझननंतर मोकळा झाला असता. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक्स्टेन्शन म्हणजे काय? क्लब म्हणतो, तुझी स्वस्तातली वर्षं तर आमच्याकडे आहेतच, त्यांचा भाव थोडा वाढवून आत्ताच पक्का करतो, त्या बदल्यात फ्री एजन्सीची दोनचार वर्षं आम्हाला आधी ठरलेल्या दराने दे. खेळाडू एक जोखीम विकतो: गुडघा गेला, खांदा गेला, फॉर्म गेला तरी पैसे येणार. बेसबॉलचा करार हमीचा असतो, मैदानावर दुखापत झाली म्हणून तो मोडता येत नाही. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या जॉन हार्ट यांनी रुळवली. सँडी अलोमार, कार्लोस बाएर्गा अशा तरुणांना त्यांनी आर्बिट्रेशनच्या आधीच बांधून घेतलं आणि बेताच्या पैशांत तगडा संघ उभा केला. पुढे टॅम्पा बेने इव्हान लाँगोरियाला २००८ मध्ये मेजर लीगमध्ये आल्यावर आठवडाही उलटायच्या आत १.७५ कोटी डॉलरची हमी देऊन सहा वर्षांसाठी बांधलं, वर क्लबच्या मर्जीची, म्हणजे क्लबला हवी असतील तरच लागू होणारी, तीन वर्षं. तेव्हापासून प्रत्येक क्लबच्या कार्यालयात तो करार समोर ठेवून बोलतात.

अकुन्याचा करार उलगडून बघू. २०१९ आणि २०२० ला १०-१० लाख, २०२१ ला ५० लाख, २०२२ ला १.५ कोटी, मग २०२३ ते २०२६ दरवर्षी १.७ कोटी. त्यानंतर २०२७ आणि २०२८ ही दोन वर्षं क्लबच्या मर्जीवर, तीही १.७ कोटींनीच. क्लबला नको असेल तर १ कोटी देऊन हात मोकळे करायचे. हमीचे १० कोटी भरतात ते हे बायआउटचे १ कोटी धरून.

लोक या कराराला नावं ठेवतात तेव्हा सगळ्या वर्षांना एकाच मापाने मोजतात. पहिली सहा वर्षं, म्हणजे २०२४ पर्यंतची, बघा. त्या काळात तो तसाही क्लबच्या ताब्यात होता. कराराप्रमाणे त्याला या सहा वर्षांचे साधारण ५.६ कोटी ठरले होते, २०२० च्या कोविडच्या कपातीने त्यातले थोडे गेले. आर्बिट्रेशनच्या वाटेने गेला असता तर जास्त मिळाले असते, पण फार मोठी दरी पडली नसती, कारण जुलै २०२१ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि आर्बिट्रेशनमध्ये अर्धवट सीझन खेळाडूला महागात पडतं. खरं नुकसान पुढच्या चार वर्षांत आहे: २०२५, २०२६ आणि मर्जीची २०२७, २०२८. २०२३ मध्ये ४१ होमरन आणि ७३ स्टील (चोरलेले बेस) करून एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झालेल्या खेळाडूचं फ्री एजन्सीतलं एकेक वर्ष १.७ कोटीला गेलं.

आणि तरीही. मे २०२४ मध्ये त्याच अकुन्याच्या डाव्या गुडघ्याचाही लिगामेंट फाटला. करार केला नसता तर तो बरोबर त्याच हिवाळ्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सोतोच्या शेजारी उभा राहून बाजारात उतरला असता, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत मैदानात न येणाऱ्या खेळाडूच्या रूपात. तेव्हा त्याला काय मिळालं असतं? बहुधा एका वर्षाचा करार, स्वतःला पुन्हा सिद्ध करण्यासाठीचा. म्हणून २०१९ ची सही चुकीची होती असं मी म्हणत नाही. २१ वर्षांच्या मुलाने जी भीती विकली ती खरी ठरली. एकदा नाही, दोनदा.

एप्रिल २०१९ मध्येच ब्रेव्हजने ऑझी अल्बीसशी केलेल्या कराराबद्दल मात्र मी असं म्हणू शकत नाही. ७ वर्षांचे ३.५ कोटी, वर दोन मर्जीची वर्षं ७०-७० लाखांची. अल्बीस २०२३ नंतर मोकळा होणार होता. २०२४ आणि २०२५ ची दोन वर्षं गेली आणि क्लबच्या मनात असेल तर आणखी दोन, चारही वर्षं प्रत्येकी ७० लाखांनी. ती चार वर्षं संपतील तेव्हा तो एकतिसाव्याच्या उंबरठ्यावर असेल, आणि त्या वयाच्या सेकंड बेसमनला (दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) बाजार फार विचारत नाही. अकुन्याने जोखीम विकली आणि तिचा काहीतरी भाव घेतला. अल्बीसने जवळपास तितकाच लांबचा काळ एक तृतीयांश पैशांत दिला. करार जाहीर झाला तेव्हा आमच्या धंद्यात सगळ्यांनीच मान खाली घातली, कारण पुढच्या प्रत्येक तरुण सेकंड बेसमनच्या वाटाघाटीत समोरची बाजू तो कागद पुढे सरकवणार हे दिसत होतं. बेसबॉलमध्ये एकाचा करार फक्त त्याचा नसतो, तो पुढच्या दहा जणांचा भाव ठरवतो.

आता सोतो. त्याच्या नकाराकडे लोक धाडस म्हणून बघतात. तो धाडसी आहेच, पण त्या धाडसाखाली भक्कम हिशेब होता. सोतो मे २०१८ मध्ये १९व्या वर्षी आला, २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकला आणि सेवेचे दिवस जुळल्यामुळे त्याला आर्बिट्रेशनची तीनऐवजी चार वर्षं मिळाली. २०२१ ला ८५ लाख, २०२२ ला १.७१ कोटी, २०२३ ला २.३ कोटी, २०२४ ला ३.१ कोटी. बेरीज करा, जवळजवळ ८ कोटी डॉलर, आणि फ्री एजन्सीचा एकही दिवस न विकता. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी इतरजण चारपाच वर्षं देऊन टाकतात, ती त्याला वर्षावर्षाच्या पगारातूनच मिळत होती.

नॅशनल्सची ऑफर ४४ कोटींची, तोपर्यंतचा बेसबॉलमधला सर्वांत मोठा एकूण आकडा. पण १५ वर्षांनी भागा. वर्षाला २.९३ कोटी. माइक ट्राउटचा २०१९ चा करार १२ वर्षांचा ४२.६५ कोटींचा, म्हणजे वर्षाला ३.५५ कोटी. मूकी बेट्सचाही ३ कोटींच्या वर. मोठी बेरीज दाखवून वार्षिक दर खाली ठेवायचा असेल तर वर्षं वाढवायची, ही क्लबांची जुनी रीत आहे. शिवाय तेव्हा लर्नर कुटुंब क्लब विकायच्या विचारात होतं. पुढचा मालक कोण, संघ किती वर्षं हरणार, हे माहीत नसताना १५ वर्षांची सही कोण करेल? सोतो नाही म्हणाला, २ ऑगस्ट २०२२ ला त्याला सॅन डिएगोला पाठवलं, तिथून न्यूयॉर्क यँकीज, आणि डिसेंबर २०२४ मध्ये २६व्या वर्षी मेट्स: १५ वर्षं, ७६.५ कोटी, त्यातले ७.५ कोटी सहीबरोबरच, एकही डॉलर पुढे ढकललेला नाही, आणि पाचव्या सीझननंतर बाहेर पडायची मुभा.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द तिथे २६ हा आहे. बाजार २६ वर्षांच्या खेळाडूला त्याची उत्तम वर्षं मोजून पैसे देतो, ३१ वर्षांच्याला त्याच्या उतरणीची वर्षं मोजून. सोतोसारखा १९व्या वर्षी आलेला खेळाडू सहा वर्षं भरून २६ ला मोकळा होतो. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कॉलेजमधून आलेला खेळाडू तेच सहा वर्षं भरून ३० ला पोचतो. त्या दुसऱ्याला मी एक्स्टेन्शनची वाट सहसा दाखवतो, कारण त्याच्याकडे विकायला उत्तम वर्षं फारशी उरतच नाहीत. पहिल्याला सांगतो, तुझ्या हातातलं सोनं म्हणजे तुझं वय आहे, ते सर्वांत शेवटी काढ.

इथपर्यंत सगळं गणित झालं. पण गणिताने निम्मेही करार ठरत नाहीत. सही करायच्या आधी खेळाडूच्या बँक खात्यात किती होतं, यावर ते ठरतात.

सोतोला २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी नॅशनल्सने १५ लाख डॉलरचा बोनस दिला होता. अकुन्याला व्हेनेझुएलात २०१४ मध्ये ब्रेव्हजने १ लाख दिले. डोमिनिकन प्रजासत्ताकात किंवा व्हेनेझुएलात पोरगा बारातेराव्या वर्षी स्थानिक ट्रेनरकडे राहायला जातो, आणि सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या बोनसमधला मोठा हिस्सा तो ट्रेनर घेतो. मग चारपाच वर्षं मायनर लीग, म्हणजे मेजरच्या खालच्या लीग. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला तेव्हा अगदी वरच्या पातळीचा, ट्रिपल-एचा, वार्षिक किमान पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० झाला. त्याआधी काय परिस्थिती असेल हे या आकड्यावरून कळतं. या काळात घरचे बारापंधरा जण त्या एका मुलाकडे डोळे लावून बसलेले असतात. काही कंपन्या अशा मुलांना रोख रक्कम देतात आणि बदल्यात पुढच्या मेजर लीगच्या कमाईतला टक्का लिहून घेतात. फर्नांडो तातीस ज्युनियरनेही असे पैसे घेतले होते, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने १४ वर्षांचा ३४ कोटींचा करार केला तेव्हा तो टक्का त्या कराराला लागू झाला.

म्हणून तरुण खेळाडू आमच्याकडे आला की मी करार काढत नाही, आधी घर विचारतो. आईचं घर झालं का, कर्ज कोणाचं आहे, टक्का कोणाला लिहून दिला आहे का. तातडीची गरज दोनतीन लाख डॉलरची असेल तर ती उपकरणांच्या कंपनीच्या कराराने, बेसबॉल कार्डांवर सह्या करून, बँकेकडून भागवता येते. कायमच्या अपंगत्वाचा विमा घेता येतो, म्हणजे गुडघ्याची सगळी भीती क्लबलाच विकावी लागत नाही. दोन लाखांची गरज भागवायला दोन कोटींची वर्षं विकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ती मूर्ख नव्हती. त्यांच्या आजूबाजूला कोणी हा वेगळा रस्ता मांडलाच नव्हता.

याच्या उलट बॉबी विट ज्युनियर. वडील मेजर लीगमध्ये १६ सीझन पिचर. त्याला स्वतःला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, ७७ लाखांहून जास्त बोनस. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सबरोबर बसला तेव्हा त्याला कसलीच घाई नव्हती, आणि ते करारात दिसतं: ११ वर्षांची २८.८८ कोटींची हमी, पण २०३० पासून सलग चार हिवाळ्यांत बाहेर पडायची मुभा त्याच्या हातात. २०३० ला तो ३० वर्षांचा असेल. क्लबला त्याची सगळी उत्तम वर्षं मिळाली, त्याला कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे पैसे मिळाले आणि दार उघडं राहिलं. लहान शहराच्या क्लबने तरुण खेळाडूशी केलेला करार कसा असावा, असं कोणी विचारलं तर मी हाच दाखवतो.

क्लबची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ते काही फुकटात कमवत नाहीत. ह्यूस्टनने जून २०१४ मध्ये जॉन सिंगलटनला एकही मेजर लीग सामना खेळायच्या आधी ५ वर्षांचे १ कोटी दिले. त्याची पहिल्या सीझनची बॅटिंग सरासरी अवघी .१६८ होती. तेव्हा दुसऱ्या क्लबच्या एका खेळाडूने जाहीरपणे त्याच्यावर टीका केली होती की स्वस्तात सही करून बाकीच्यांचा भाव पाडला. पुढचं बघता त्या एक कोटीने त्याचं आयुष्य सावरलं असणार. स्कॉट किंगरीला फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये पदार्पणाआधीच २.४ कोटींची हमी दिली आणि तीन वर्षांत त्याला चाळीस जणांच्या यादीतून काढावं लागलं, पैसे मात्र देत राहावे लागले. आणि जॅरेड केल्निक. सिएटलने त्याला पदार्पणाआधी सहा वर्षांचा करार देऊ केला, त्याने स्वतःवर विश्वास ठेवून तो नाकारला. २०२१ मध्ये वर आला तर पहिल्या सीझनची सरासरी .१८१. अशा नकारांची बातमी होत नाही, म्हणून सोतोचीच गोष्ट सगळ्यांना आठवते.

केल्निकच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट उघडी पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिएटलचे अध्यक्ष केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबच्या सभेत मोकळेपणाने बोलून गेले. केल्निकला करार देऊ केला होता, त्याने नाकारला, आणि त्याची सेवा सुरू होऊ नये म्हणून त्याला खालीच ठेवणार, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. त्याच महिन्यात त्यांना राजीनामा द्यावा लागला. आम्ही वाटाघाटीच्या खोलीत जे वर्षानुवर्षं ऐकतो ते त्यांनी माईकवर सांगितलं. ‘सही केलीस तर उद्यापासून वर, नाहीतर जूनमध्ये बघू.’ हे शब्द कोणी लिहून देत नाही, पण ऑफर आणि कॉल-अप, म्हणजे मुख्य संघात बोलावणं, एकाच फोनमध्ये आले की मुलाला कळतं. माझा नियम असा आहे की कॉल-अप आणि करार यांची चर्चा एकाच आठवड्यात होऊ द्यायची नाही. २०२२ च्या सामूहिक करारानंतर थोडा फरक पडला आहे: नावाजलेल्या तरुणाला सुरुवातीपासून खेळवलं आणि तो पुरस्काराच्या मतदानात वर आला तर क्लबला ड्राफ्टमधला जास्तीचा क्रमांक मिळतो, आणि आर्बिट्रेशनच्या आधीच्या गुणी खेळाडूंमध्ये वाटायला दरवर्षी ५ कोटींचा निधी आहे. तरी क्लबच्या हातातली ती दोरी अजून सुटलेली नाही.

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न: वाटाघाटीच्या खोलीत दोन्ही बाजू काय बोलतात, कशावर भांडतात. पहिलं बोलणं बहुतेक फेब्रुवारीत, सरावशिबिरात होतं. क्लबचा जनरल मॅनेजर एजंटला फोन करतो, आणि एक मुदत ठरते: सीझनचा पहिला सामना. मुदत खरी असते कारण एकदा सामने सुरू झाले की खेळाडूच्या डोक्यात रोज आकडे नकोत, हे दोघांनाही हवं असतं. क्लबची पहिली ऑफर त्यांच्या अंदाजपत्रकातून येते: या खेळाडूचा पुढच्या आठदहा वर्षांचा उतारचढाव, दुखापतीची शक्यता, पैशाची आजची किंमत. आम्ही तोच हिशेब दुसऱ्या टोकाने करतो. आधी ‘सही केलीच नाही’ ही वाट वर्षावर्षाने मांडायची, तेवढ्याच सेवेच्या खेळाडूंना आर्बिट्रेशनमध्ये काय मिळालं ते शेजारी ठेवायचं, आणि मग शेवटच्या वर्षांवर यायचं. पहिल्या पाचसहा वर्षांच्या आकड्यांवर दोन बाजूंत फार अंतर नसतं. एक कोटी इकडेतिकडे. वाद पेटतो तो शेवटच्या तीनचार वर्षांवर.

क्लबच्या मर्जीचं वर्ष, म्हणजे क्लब ऑप्शन, हा कागदावरचा सर्वांत महाग भाग, आणि खेळाडूचे वडील-काका त्याकडे बघतसुद्धा नाहीत, कारण तो हमीच्या आकड्यात दिसत नाही. विचार करा: खेळाडू चांगला खेळला तर क्लब ते वर्ष स्वस्तात उचलणार, वाईट खेळला तर सोडून देणार. खेळाडूला दोन्हीकडून तोटाच. म्हणून प्रत्येक ऑप्शनची किंमत वेगळी मागायची. मोठं बायआउट ही एक, पुरस्कारांवर चढणारा दर ही दुसरी. सिएटलच्या हुलिओ रॉड्रिगेझच्या ऑगस्ट २०२२ च्या करारात ही कल्पना पुरेपूर वापरली आहे: हमी २०.९३ कोटी, पण एमव्हीपीच्या मतदानात तो जितका वर राहील तितका क्लबच्या ऑप्शनचा दर चढतो आणि एकूण करार ४७ कोटींच्या जवळ जाऊ शकतो. इतका गुंतागुंतीचा कागद सगळ्यांना मानवत नाही, पण विशीतल्या खेळाडूचं भविष्य कोणालाच ठाऊक नसताना भविष्याबरोबर हलणारा दर न्याय्य आहे. एक खुलासा करतो, कारण हा प्रश्न वारंवार येतो: होमरनमागे किंवा सरासरीवर बोनस लिहिता येत नाही, मेजर लीगच्या नियमांत ते बसत नाही. पुरस्कार, किती सामने खेळला, किती वेळा बॅटिंगला आला, अशा गोष्टींवरच लिहिता येतं.

नो-ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या क्लबला न देण्याच्या, कलमावर तरुण मुलं फार जोर देतात, मी कमी देतो. ते मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी पैसे किंवा वर्षं सोडू नयेत. पुढे ढकललेल्या रकमेचं उलट आहे. दहा वर्षांनी मिळणारा डॉलर आजचा डॉलर नव्हे, आणि क्लबने तसा प्रस्ताव दिला की एकूण आकड्याकडे बघणं सोडून आजच्या किमतीत बेरीज मागायची. मैदानाबाहेरच्या दुखापतीचं कलम शब्दन्‌शब्द वाचायचं. २००४ च्या जानेवारीत अ‍ॅरन बूनचा गुडघा मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना गेला आणि यँकीजने त्याचा त्या वर्षीचा करार संपवला. शेवटी वैद्यकीय तपासणी. कार्लोस कोरेआचं २०२२-२३ च्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोशी ३५ कोटींवर जमलं, मग मेट्सशी ३१.५ कोटींवर, दोन्ही वेळा घोट्याच्या जुन्या शस्त्रक्रियेवरून डॉक्टरांपाशी अडलं, आणि शेवटी मिनेसोटाशी हमी झाली २० कोटींची. एक्स्टेन्शनमध्ये क्लबकडे खेळाडूच्या फायली आधीच असतात म्हणून असं कमी घडतं, तरी सही होईपर्यंत घरी कोणाला आकडा सांगू नये.

एजंटाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कमिशन साधारण ५ टक्क्यांपर्यंत असतं. लहान एजन्सीला नेहमी भीती असते की फ्री एजन्सी जवळ आली की मोठी एजन्सी आपला खेळाडू पळवेल. आज करार झाला तर टक्का पक्का, चार वर्षं थांबलं तर कदाचित काहीच नाही. ही भीती सल्ल्यात उतरते. म्हणून खेळाडूने एजंटाला सरळ विचारावं, मी सही केली नाही तर तुझं काय जातं? आणि खेळाडू संघटनेला फोन करावा. संघटना कोणाला सही करू नको असं बजावत नाही, पण सगळ्या करारांचे आकडे तिच्याकडे असतात आणि ते समजावून सांगणारी माणसं तिथे आहेत. सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे, पुढे आर्बिट्रेशन आणि फ्री एजन्सीचे नियम काय राहतील हाही आता प्रत्येक वाटाघाटीतला मुद्दा झाला आहे, आणि नियम बदलायची धास्ती घालून सही मिळवणं क्लबांना सोपं जातं.

तर, २०१९ च्या मार्चमध्ये अकुन्याच्या बाजूने बसलो असतो तर काय मागितलं असतं? हमीचे १० कोटी तसेच ठेवले असते. २०२६ पर्यंतची वर्षंही दिली असती, म्हणजे फ्री एजन्सीची दोन. २०२७ चं ऑप्शन दिलं असतं, पण १.७ कोटींवर नाही: पायाचा दर २ कोटी, एमव्हीपीच्या मतदानात पहिल्या पाचांत आलेल्या प्रत्येक सीझनमागे त्यात २० लाखांची भर. आणि २०२८ चं ऑप्शन कागदावरून काढून टाकलं असतं, त्यासाठी सुरुवातीच्या वर्षांतले दहावीस लाख सोडावे लागले असते तरी. त्यामुळे तो २०२७ नंतर, वयाची तीस वर्षं पुरी होण्याआधीच्या महिन्यात बाजारात आला असता. ब्रेव्हज यावर उठून गेले असते का? मला तसं वाटत नाही. पहिली आठ वर्षं त्यांना त्याच दरात मिळत होती, आणि तेवढ्यासाठीच ते टेबलावर आले होते.